तार टाकणारे आणि तार सांभाळणारे

इंटरनेट उद्योगाच्या बातम्या वाचल्या की वाटतं, सगळा खेळ आकाशात आणि शेअर बाजारात चालला आहे. कुणी उपग्रह सोडतो, कुणी ५जीचे ग्राहक मोजतो, कुणी कुणाला विकत घेतो. पण बार्शीत किंवा चिपळुणात घरातल्या यंत्रावर लाल दिवा लागला की माणूस फोन करतो तो गल्लीतल्या केबलवाल्याला. तो किती वेळात येतो, यावर त्या घरापुरता सगळ्या उद्योगाचा निकाल लागतो. महाराष्ट्रात गेल्या तीस वर्षांत इंटरनेट कुणी, कसं पोचवलं आणि आज ते कुठे अडतं, याचा आढावा घेतला तर एक गोष्ट प्रत्येक टप्प्यावर दिसते. आपल्याकडे तार टाकायला पैसा, उद्घाटनं आणि मथळे मिळतात. सांभाळायला यातलं काहीच मिळत नाही.

टेलिफोनच्या तारेवर

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पहिल्या शहरांत मुंबई होती. वेग ९.६ केबीपीएस, म्हणजे आज मोबाइलवर क्षणात उघडणारा एखादा फोटो उतरायला चहा करून पिण्याइतका वेळ. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादारांना दार उघडलं. परवाने तीन वर्गांत विभागले गेले: ‘अ’ देशभरासाठी, ‘ब’ राज्याएवढ्या टेलिकॉम सर्कलसाठी आणि ‘क’ साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. नंतर आलेल्या एकत्रित परवान्यातही ‘अ’ वर्गाचं प्रवेश शुल्क ३० लाख रुपये आणि ‘क’ वर्गाचं अवघं २० हजार होतं. आत शिरणं कधीच अवघड नव्हतं.

टिकणं अवघड होतं. डायल-अपच्या काळात सेवादाराकडे मोडेम आणि भाड्याची लाइन एवढंच असे. घरापर्यंतची तार टेलिफोन खात्याची. त्या तारेत पाणी शिरलं, तर सेवादार फक्त दिलगिरी व्यक्त करू शकायचा. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस हा किमान वेग ठरवला, पुढच्याच वर्षी बीएसएनएल आणि मुंबईत एमटीएनएल यांनी तांब्याच्या जुन्या जोडीवर ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली, आणि निमशहरी महाराष्ट्रात पहिल्यांदा ‘नेट चालूच असतं’ अशी घरं दिसू लागली. (आज किमान वेगाची व्याख्या २ एमबीपीएस आहे, ती २०२३ मध्ये बदलली.)

या तांब्याच्या जाळ्याचा प्राण होता लाइनमन. कुठल्या वळणावरच्या डब्यात पाणी साचतं, कुठला जोड दर पावसाळ्यात गंजतो, हे त्याच्या डोक्यात असे, कागदावर नसे. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधले सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलमधले १४ हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. ताळेबंदात ती बचत दिसली. पण त्या माणसांबरोबर तारांचा नकाशाही घरी गेला.

गच्चीवरून गच्चीवर

दुसरी धारा खासगी केबलची. १९९१च्या आखाती युद्धाच्या सुमारास शहरांतल्या गच्च्यांवर डिश बसल्या आणि काळ्या केबली इमारतींवरून उड्या मारू लागल्या. कायदा आला तो १९९५ मध्ये, म्हणजे धंदा उभा राहिल्यानंतर. पुढे सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली: मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर, पुणे, नागपूर, नाशिक वगैरे शहरांत मार्च २०१३ अखेर. किती घरांत केबल आहे हे सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या कंपनीला नेमकं कळू लागलं आणि केबलवाल्याच्या हातातला हुकमाचा पत्ता गेला. त्याच्याकडे उरली ती घराघरात शिरलेली तार आणि घराघरातली ओळख. त्या दोहोंवर त्याने इंटरनेट सुरू केलं.

सुरुवात लॅन केबलने झाली. ही केबल शंभर मीटरच्या पुढे नीट चालत नाही, म्हणून दर दोन-तीन इमारतींमागे जिन्यात एक स्विच बसवावा लागे. वळवाच्या पहिल्या गडगडाटात हे स्विच पटापट जळत आणि केबलवाल्याच्या दुकानातल्या पोराला दोन दिवस जेवायला फुरसत मिळत नसे. जिथे केबल ओढणं परवडत नव्हतं, तिथे टॉवरवर छोट्या डिश लावून ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर वाड्यावस्त्यांना जोडलं गेलं. २०१८ मध्ये या पट्ट्याचा बराच भाग परवानामुक्त झाल्यावर ते आणखी सोपं झालं.

आता बहुतेक ठिकाणी फायबर आहे. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या गाळ्यात इन्व्हर्टरला जोडलेलं एक यंत्र, ओएलटी, ठेवलेलं असतं. त्याच्या एका पोर्टमधून निघणारा काचेचा एक तंतू स्प्लिटरमधून फुटत फुटत ३२ किंवा ६४ घरांत जातो, साधारण वीस किलोमीटरपर्यंत. वाटेत कुठेही वीज लागत नाही, म्हणून स्विच जळण्याचा प्रश्न मिटला. त्याच्या जागी जोडाचा प्रश्न आला.

फायबर तुटला की काय करावं लागतं, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. आधी दुकानातून ओटीडीआर नावाच्या यंत्राने तारेत प्रकाशाचा झटका सोडून बिघाड किती अंतरावर आहे ते काढतात. १,८०० मीटर असं उत्तर आलं, तरी ते तारेच्या लांबीचं असतं. खांबाखांबावर गुंडाळून ठेवलेली जादा तार वजा करून नेमकी जागा हुडकायची ती अनुभवानेच. मग पोरगा खांबावर चढतो, दोन्ही टोकं खाली घेतो आणि गाडीच्या सीटवर स्प्लायसिंग मशीन मांडतो. आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, टोक सरळ कापायचं. आवरण सोललेला काचेचा तंतू १२५ मायक्रॉन जाड, म्हणजे जेमतेम केसाएवढा. मशीन दोन्ही टोकं पडद्यावर मोठी करून दाखवतं, ठिणगीने वितळवून जोडतं आणि नुकसानीचा आकडा देतं. ०.०२ डीबी आलं तर चेहरा खुलतो, ०.३ आलं तर जोड तोडून पुन्हा. बारा कोअरची केबल असेल तर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे रंग जुळवत हेच बारा वेळा. पाऊस चालू असेल तर एकाने छत्री धरायची. शेवटी ग्राहकाच्या घरी पॉवर मोजतात: ‘मायनस एकवीस आहे, चालेल, मायनस अठ्ठावीसवर गेलं की दिवा लाल होणार.’

हे कौशल्य बहुतेक जण खांबाखालीच शिकले आणि जिल्ह्याचं इंटरनेट त्यांच्या हातावर चालतं. पगार मात्र मदतनिसाचा असतो.

पाचशे रुपयांचा हिशेब

पगार एवढाच का, हे साध्या बेरीज-वजाबाकीने कळतं. समजा, कनेक्शन महिना ५०० रुपयांना, करांसह. १८ टक्के जीएसटी काढला की ४२४ रुपये उरतात. त्यावर ८ टक्के परवाना शुल्क, म्हणजे ३४ रुपये. उरले ३९०. स्थानिक चालक स्वतः परवानाधारक नसेल, दुसऱ्या सेवादाराचा भागीदार म्हणून काम करत असेल, तर यातला वाटा वर जातो. त्यानंतर बँडविड्थ, गाळ्याचं भाडं, वीज, खांबांचं भाडं, ग्राहकाच्या घरी बसवलेल्या यंत्राची किंमत आणि दोन-तीन पोरांचे पगार. दुसरीकडे मोठ्या कंपनीने २०२० मध्येच ३० एमबीपीएसचं कनेक्शन ३९९ रुपये अधिक कर या भावात बाजारात आणलेलं, म्हणजे ४७१ रुपये. भाव वाढवायला वाव नाही. मग पहिली कात्री दुरुस्तीला लागते.

या हिशेबात एक विसंगती आहे. परवाना शुल्काच्या आठ टक्क्यांपैकी पाच टक्के डिजिटल भारत निधीसाठी असतात. हा निधी गावाखेड्यांत दूरसंचार पोचवण्यासाठी आहे. म्हणजे जो माणूस आधीच खेड्यात तार ओढून बसला आहे, तोच खेड्यात तार पोचावी म्हणून वर्गणी भरतो, आणि त्या वर्गणीतून त्याच्याच शेजारी सरकारी तार येते.

म्हणून लहान चालकाला संत ठरवायचं कारण नाही. ‘हा आपला एरिया, तो त्यांचा’ अशी अलिखित वाटणी अनेक शहरांत आहे, आणि तिच्यामागे कधी स्थानिक राजकारणही असतं. बिल्डरशी किंवा सोसायटीशी करार करून दुसऱ्या कुणालाही आत न येऊ देणं हा जुना रिवाज आहे. पावती मिळत नाही, तक्रार क्रमांक मिळत नाही. बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यावी, असा नियम ट्राय या दूरसंचार नियामकाने २००६ मध्येच केला होता. पण तक्रार नोंदलीच गेली नाही, तर तीन दिवस कुठून मोजणार?

तांत्रिक गरिबीचाही भार आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते आशियात २०११ मध्येच संपत आले, त्यामुळे लहान सेवादार एकाच पत्त्याआड अनेक घरं बसवतात. घरचा सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही, याचं कारण बरेचदा हेच. सायबर गुन्ह्याच्या तपासात पोलिस पत्ता घेऊन येतात, तेव्हा त्या क्षणी त्यामागे नेमकं कुठलं घर होतं हे सांगायला नोंदी लागतात. डिसेंबर २०२१ पासून त्या दोन वर्षं जपायच्या आहेत. साठवणीचा खर्च पुन्हा त्या ३९० रुपयांतच.

खांब कुणाचा, रस्ता कुणाचा

महाराष्ट्रात कुठल्याही शहरात मान वर करून बघा: विजेच्या खांबावर, पालिकेच्या दिव्याच्या खांबावर, झाडावर, बाल्कनीच्या गजावर केबलींचे झुबके. यातल्या किती कायदेशीर आहेत, हे खांबाच्या मालकालाही सांगता येत नाही. पालिकेला जाग आली की मोहीम निघते, सरसकट केबली कापल्या जातात, चार दिवस बोंबाबोंब होते आणि आठवड्याभरात नवा झुबका तयार होतो. गोव्यात वीजखांबांवरच्या केबलींवरून वीज खातं आणि व्यावसायिक यांच्यातला वाद थेट उच्च न्यायालयात गेला.

जमिनीखालून न्यावं म्हटलं तर रस्ता खोदायची परवानगी आली. २०१६च्या केंद्रीय नियमांत भूमिगत तारेसाठी प्रशासकीय शुल्क किलोमीटरला हजार रुपयांपर्यंत ठेवलं होतं. पण रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा, आणि खरी वाटाघाट तिथेच होते. नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. नियम दिल्लीत होतात, खड्डा मात्र प्रभागात पडतो. मोठी कंपनी शहरभराची परवानगी एकदम काढू शकते. चाळीस घरांसाठी तीनशे मीटर खणू पाहणारा चालक शेवटी शिडी घेऊन खांबावरच चढतो.

जमिनीखालची तारही सुखरूप नाही. रस्तारुंदीकरण, जलवाहिनी, गॅस. प्रत्येकाचा जेसीबी वेगळा. देशात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटतो आणि त्यात तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज आहे. खोदण्याआधी कळवा, यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅपही आलं. पण कळवायचं कुणाला, हे ठरायला आधी तार कुठे आहे याची नोंद हवी.

कोकणाने याची किंमत मोजली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, खांब आडवे झाले आणि त्यांच्यावरच्या तारा त्यांच्याबरोबर गेल्या. पुढच्या वर्षी जुलैत चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. यंत्रं तळमजल्यावर ठेवू नयेत हा शहाणपणा अशा पुरांतून येतो. आदेशाची वाट न बघता तो अमलात येतो, कारण यंत्र स्वतःच्या पैशाचं असतं.

ग्रामपंचायतीपर्यंत आलेली काच

सरकारी बाजूने सगळ्यात मोठा प्रयत्न भारतनेटचा. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या योजनेचं उद्दिष्ट होतं देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याचं, तेही दोन वर्षांत. पहिल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. महाराष्ट्रात दुसरा टप्पा राज्याने स्वतःकडे घेतला आणि ‘महानेट’ या नावाने महाआयटी महामंडळामार्फत राबवला. काचेची वानवा इथे कधीच नव्हती: छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथे ऑप्टिकल फायबर तयार होतो, परदेशीही जातो.

आज देशात दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ म्हणून मोजल्या जातात. सज्ज असणं आणि चालू असणं यांत मात्र अंतर राहिलं. पहिल्या टप्प्यातली जोडणी तालुक्यापासून गावापर्यंत एकेरी होती. वाटेत एकदा जेसीबी लागला की पुढची सगळी गावं अंधारात. ग्रामपंचायतीतल्या यंत्राची बॅटरी कुणी बदलायची, वीजबिल कुणी भरायचं, कार्यालयाला कुलूप असताना यंत्र कुणी सुरू करायचं, हे कुणाचंच काम नव्हतं. कंत्राटदाराला पैसे मिळत होते किलोमीटरचे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात एकेरी जोडणीऐवजी रिंग आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालेल. बांधणाऱ्यानेच दहा वर्षं सांभाळायचं आहे, आणि गावातल्या उद्यमींनी महसुलात वाटा घेऊन घरांपर्यंत जोडण्या द्यायच्या आहेत. योजना मंजूर झाल्यापासून बारा वर्षांनी सरकार त्या निष्कर्षावर आलं, जो तालुक्याच्या गाळ्यातल्या केबलवाल्याला पहिल्याच पावसाळ्यात कळला होता.

मुंबईला जाऊन परत

लातूरच्या एकाच गल्लीत दोन घरांत दोन वेगवेगळ्या सेवादारांची कनेक्शनं असतील, तर एकाने दुसऱ्याला पाठवलेली फाइल बरेचदा मुंबईला जाऊन परत येते, कारण दोन जाळी एकमेकांना भेटतात ती तिथल्या एक्सचेंजमध्ये. देशातली वाहतूक देशातच राहावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. खासगी एक्सचेंजही आली. तरी बहुतेक भेटीगाठी मुंबई-नवी मुंबईतच होतात, कारण डेटा सेंटर्सची गर्दी ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहे आणि समुद्राखालच्या बऱ्याच केबलीही मुंबईलाच येऊन लागतात. त्याही बहुतांशी वर्सोव्याच्या काही किलोमीटरांच्या किनाऱ्यावर. मोठ्या सेवादाराला व्हिडिओ कंपन्या साठवणीची यंत्रं देतात, त्यामुळे गाजलेला चित्रपट ग्राहकाला जवळून मिळतो. लहान चालक प्रत्येक थेंब मुंबईहून विकत आणतो.

इथेही दुखणं तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटल्या, दुरुस्तीला महिने लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तुटल्या आणि भारतातही वेग मंदावला. अशा केबली दुरुस्त करणारं स्वतःचं जहाज भारताकडे नाही. परदेशी जहाज बोलवावं लागतं आणि त्याच्या परवानग्यांत वेळ जातो, हे ट्रायने २०२३च्या शिफारशींत नोंदवलं आहे.

मोठे आले, आकाशातूनही आले

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने मोबाइल डेटा स्वस्त केला आणि २०१९ मध्ये घरच्या फायबरमध्ये उतरली. त्याआधीच, २०१८ मध्ये, रिलायन्सने हाथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं होतं. आता ५जीवर चालणारी घरगुती जोडणी आली आहे. गच्चीवर यंत्र बसवलं की काम झालं, खांबही नको आणि सोसायटीची परवानगीही फारशी नको. शहरातल्या लहान चालकाला सगळ्यात मोठा धोका याचा आहे. मात्र टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी गर्दी झाली की फायबरची किंमत कळते.

उपग्रहाची बाजू वेगळी. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या जिल्ह्यांची नावं होती. भामरागडसारख्या भागात, जिथे पावसाळ्यात रस्ताच उरत नाही, तिथे शाळेच्या छपरावरची डिश हा खरा उपाय ठरू शकतो. पण डिशलाही वीज लागते, आणि माकडाने वायर ओढली तर तिथेही कुणीतरी जावंच लागतं.

केरळकडे बघताना

लहान चालकांचं भवितव्य संपलंच, असं मात्र नाही. केरळात केबलचालकांनी एकत्र येऊन केरळव्हिजन उभी केली. तिचे तारेवरचे ब्रॉडबँड ग्राहक दहा लाखांच्या वर आहेत आणि ट्रायच्या यादीत ती देशातल्या पहिल्या पाच तारधारी सेवादारांत असते, जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांच्या पंक्तीला. बँडविड्थ एकत्र विकत घ्यायची, परवाना आणि बिलिंग एकत्र, आणि गल्लीतली दुरुस्ती गल्लीतल्याच माणसाकडे, असं हे गणित. साखर आणि दूध सहकारातून उभं करणाऱ्या महाराष्ट्रात केबलवाले मात्र एरियाच्या हद्दी राखत बसले आणि एकेक करून मोठ्यांचे फ्रँचायझी झाले.

मोजायचं काय

या सगळ्याकडे एकत्र पाहिलं तर वादाचा विषय सरकारी विरुद्ध खासगी किंवा लहान विरुद्ध मोठा हा राहत नाही. तांब्याच्या जाळ्याचे लाइनमन गेले, ग्रामपंचायतीचं यंत्र बेवारस राहिलं, समुद्रातल्या केबलीला जहाज नाही, खांबावरच्या पोराला पगार नाही. चारही ठिकाणी दुरुस्ती हा कुणाच्याच अंदाजपत्रकातला पहिला आकडा नाही.

तो पहिला करायचा तर करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पालिका आणि वीज कंपनीने खांबांची नोंदवही करावी, ठरलेलं भाडं घ्यावं आणि प्रत्येक केबलीवर मालकाची पट्टी असल्याशिवाय ती टांगू देऊ नये; म्हणजे कापाकापीची वेळच येणार नाही. ठरावीक उलाढालीखालच्या, ग्रामीण भागात सेवा देणाऱ्या चालकाला परवाना शुल्कातला निधीचा भाग माफ व्हावा, आणि त्या बदल्यात पावती, तक्रार क्रमांक व नियमाप्रमाणे सूट देणं त्याच्यावर बंधनकारक असावं. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे: कुठल्या तालुक्यात, कुठल्या सेवादाराचा बिघाड सरासरी किती तासांत दुरुस्त होतो, हे दर तिमाहीला जाहीर व्हावं. ग्राहकसंख्येचे आकडे ट्राय नेमाने छापते. त्यांच्या शेजारी हा एक रकाना असायला हवा. तो येईपर्यंत प्रत्येक नवी योजना किलोमीटर मोजेल, प्रत्येक जाहिरात एमबीपीएस मोजेल आणि दुरुस्तीचे तास एकटा ग्राहक मोजत बसेल.